खाकी कागदातलं नारिंग

शिंप्याची बायको आहे मी, आणि माझ्या अंगाचं माप कुणी कधी घेतलंच नव्हतं. हसू नका. समोरच्या खाटकाच्या पोटाचा घेर आमच्या ह्यांना झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतील. टपाल कचेरीतल्या साहेबांचा उजवा हात डाव्यापेक्षा किंचित लांब आहे, हे त्यांच्या सख्ख्या आईला माहीत नसेल, ह्यांना माहीत आहे. आणि मी ह्यांच्या डोळ्यांसमोर उठते, बसते, भांडते, दुकानातली सगळी तुरपाई न् काज-बटणं करते, पण ह्यांच्या गळ्यातली ती मापाची पट्टी माझ्या अंगाला कधी लागली नाही. लोक म्हणतात, दिव्याखाली अंधार. अंधार कसला, तिथे आधीच एकजण उभी होती.

एकजण म्हणजे पहिली. ह्यांची पहिली बायको. ती वारली, आणि दोनेक वर्षांनी मी ह्या घरात आले. तिचं नाव घरात कुणी घेत नाही, मग मी कशाला घेऊ? पहिली म्हटलं की सगळ्यांना कळतं.

लग्न जमवलं नणंदेनं. मी तेव्हा पडदे शिवायच्या कारखान्यात होते. नणंदबाई आल्या, मला उभी केली, खांद्याला धरून एक गिरकी घ्यायला लावली, ताग्यातलं कापड उजेडात धरून बघतात तसं बघितलं, आणि घरी जाऊन भावाला म्हणाल्या, "दादा, अगदी वहिनीच्याच चणीची आहे. कपडेसुद्धा बसतील." हे मला त्यांनीच नंतर हसत हसत सांगितलं, आणि मला मेलीला ते कौतुक वाटलं! अक्कल गहाण पडली होती माझी, दुसरं काय.

आमचं दुकान खाली, घर वर. दुकानात एका भिंतीवर ओळीनं खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर खाकी कागदाचे साचे टांगलेले. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं माप एकदा घेतलं की त्याचा साचा कापून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी कापड त्यावर ठेवलं की झालं. साच्यावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, 'खाटीक', 'टपालवाले साहेब', 'पाववाली'. नावं ह्यांच्या लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात. आणि ह्यांच्या खुर्चीच्या अगदी मागच्या खिळ्यावर जो साचा, त्यावर लिहिलं होतं, 'घरची'.

लग्नानंतर ह्यांनी मला पहिला ड्रेस शिवला तेव्हा माप घेतलंच नाही. मी काय हुरळले! म्हटलं, नुसत्या नजरेनं शिवला, ह्याला म्हणतात कारागीर. शेजारच्या बेकरीतल्या पाववालीला मिरवत दाखवायला गेले. ती पिठाचे हात झटकत म्हणाली, "नजरेनं कुठलं गं? खिळ्यावर आहे की साचा. तिचाच." मी तशीच परत आले आणि खुर्चीमागे जाऊन बघितलं. सगळ्या साच्यांवर धूळ होती, 'घरची'वरची तेवढी पुसलेली. त्या दिवसापासून माझा डावा खांदा ओढतो. आधीही ओढत असेल, पण कळलं त्या दिवशी.

सांगितलं ह्यांना. "अहो, डाव्या खांद्यात ओढतंय."

हे तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले, "बसेल दोन धुण्यांत."

बसला नाही. दुसरा ड्रेस ओढला, तिसरा ओढला, थंडीचा कोट तर असा ओढायचा की मी रस्त्यानं चालताना लोकांना वाटावं, हिनं डाव्या हातात बादली धरली आहे.

माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. चिंधीसुद्धा चोरत नाहीत, उरलेला तुकडा घडी करून गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालतात. शाळेतल्या पोरांचे कोट शिवताना शिवणीच्या आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडतात, पोरगं वाढलं की उसवून सैल करता येतं. म्हाताऱ्या माणसांच्या कॉलरी उलटून देतात आणि पैसे विचारले की खिडकीबाहेर बघतात. आवाज कधी चढवत नाहीत, आणि चढवणार कसा, तोंडात कायम टाचण्या! गिऱ्हाइकाला "हं", मला "हं", जेवायला वाढलं तरी "हं". इतकी वर्षं संसार केला तो अर्ध्याअधिक त्या 'हं'बरोबर.

टाचण्या फक्त एकीसाठी निघायच्या. ती खिडकीत उभी होती.

दुकानाच्या दर्शनी खिडकीत, जिथे दुसरे शिंपी चांगला कोट लावतात, तिथे आमच्याकडे कुंडी. कुंडीत बुटकं कडू नारिंग. उंची माझ्या कमरेइतकी, आणि जन्मभर तेवढीच राहायची, जातच तशी. पानं बारीक, जाड, गर्द हिरवी, फांदीला दाटीवाटीनं चिकटलेली. काटा औषधाला नाही. फळ धरलं तर लिंबाएवढं, आणि कडू असं की जिभेला मुंग्या याव्यात. नुसतं कुणी खात नाही. साली उकळून, पाणी बदलून बदलून, साखरेत मुरवाव्या लागतात. पहिलीनं ते बोटभर असताना डब्यात लावून आणलं होतं म्हणे. तिच्या हयातीत दर वर्षी फुलायचं, सगळा रस्ता घमघमायचा, ती बरण्या भरभरून मुरवून घरोघर वाटायची. हे मला रस्त्यातल्या प्रत्येकानं सांगितलेलं आहे, न विचारता. मेल्या म्हशीला मणभर दूध!

ती गेल्यापासून झाड फुललं नव्हतं. एक कळी नाही. आणि पाववालीनं रस्ताभर करून ठेवलं होतं की झाड तिच्यासाठी झुरतंय. "हाताचा गुण असतो बाई," मला पावाची पिशवी देताना म्हणायची, "तिचा हात होता तो." म्हणजे माझा काय पाय आहे? पण पाव रोज लागतो, तोंड आवळून परत यायचे.

मी त्या झाडाला सवत म्हणायचे. मनात नाही, मोठ्यानं. "अहो, तुमची लाडकी पिवळी पडली बघा," असं. ह्यांना राग यायचा नाही. टाचण्या एकेक काढून टेबलावरच्या इवल्या गादीत खोचायचे, खिडकीशी जायचे, वाकायचे आणि म्हणायचे, "काय झालं गं? ऊन कमी पडलं का?" मी तिथेच काज करत बसलेली असायचे. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात हा माणूस कधी बोलला असेल तर मला आठवत नाही. सुई बोटात घुसायची माझ्या, खोटं नाही सांगत.

आणि लाड तरी किती! मातीत बोट खुपसून बघायचं, पेरभर कोरडी लागली तरच पाणी. कमी झालं तर पानं टाकते, जास्त झालं तर मुळं कुजतात. नळाचं पाणी बाईसाहेबांना चालत नाही, पानं पिवळी होतात न् शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून मागच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवायचं. कुंडी चाकांच्या पाटावर, रोज थोडी फिरवायची, नाहीतर एकाच अंगानं वाढते. थंडीत काचेपासून आत ओढायची. पानांच्या मागे खवल्यांसारखी कीड बसते, तिचा चिकटा गळतो, चिकट्यावर मुंग्या, मग काळी बुरशी. तर ते खवले स्पिरिटच्या बोळ्यानं एकेक पुसायचे. आणि पानं पुसायला काय, तर नवं फ्लॅनेल! मला एकदा ताप भरला होता तेव्हा कपाळावर पट्टी होती जुन्या अस्तराची. मी विसरलेली नाही.

पण हेही सोसलं असतं. सोसवत नव्हता तो झाडाचा साचा.

हो, झाडाचा. पहिली गेली त्याच आठवड्यात ह्यांनी त्या झाडाचं माप घेतलं. समोरून एक, बाजूनं एक, असे दोन खाकी कागद, झाडाचा बाहेरचा घेर जसाच्या तसा कापलेला, पोटात झाडाच्याच आकाराचं भोक. तिनं ठेवलं होतं तस्सं राहिलं पाहिजे, बस्स. दर सुट्टीच्या दिवशी दुकान बंद, मी वर स्वयंपाकात, आणि हे खाली कागद झाडाभोवती धरून बारक्या कात्रीनं टिकटिक करत बसायचे. कागदाबाहेर शेंडा आला की काप. पोरांच्या कोटात मूठभर माया सोडणारा माणूस, पण ह्या झाडाला सुताएवढी सूट नाही. जिवंत झाड त्या कागदात बसवलेलं, आणि तिच्या कागदात मी. एका घरात दोघी, दोघी तिच्या मापाच्या.

एकदा धीर करून म्हटलं होतं, "अहो, माझं एकदा नवं माप घ्या ना."

"कशाला?" हे म्हणाले. टाचण्यांमधून. "बसतंय की."

झालं. पुन्हा विचारायचं नाही असं ठरवलं मी. भीक मागून माप घेण्यापेक्षा खांदा ओढलेला बरा. 

मग थंडी सरता सरता हे पडले. वरच्या फळीवरचा तागा काढायला स्टुलावर चढले, स्टूल डुगडुगलं, आणि उजव्या मनगटावर आपटले. हाड दोन ठिकाणी मोडलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. शिंप्याचा उजवा हात! मी घाबरले, रडले, सगळं केलं. आणि दवाखान्यातून घरी येताना वाटेत ह्यांचं पहिलं वाक्य काय असावं?

"झाडाचं कोण करणार?"

मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. "दुकानाचं कोण करणार ते विचारा आधी!"

दुकानाचं मी केलं. हे खुर्चीत बसून सांगायचे, मी कापायचे. पहिल्या दिवशी खाटकाच्या पँटला कात्री लावताना मी दोनदा मागे घेतली, तेव्हा हे म्हणाले, "घाबरू नकोस, त्याला उरलं तर आवडेल, कमी पडलं तर नाही." बऱ्याच वर्षांनी हसलो आम्ही दोघं. कटिंग जमायला लागलं. टाचण्या आता माझ्या तोंडात होत्या, आणि मीही गिऱ्हाइकांना "हं" म्हणायला लागले. तोंडात टाचण्या असल्या की खरंच दुसरं काही म्हणता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पण झाडाशी बोलताना निघायच्याच ना ह्यांच्या! ते काही मी माफ केलं नाही.

झाडाचंही केलं. पाणी घातलं, कुंडी फिरवली, खवले पुसले, फ्लॅनेलनं पानंसुद्धा पुसली, दात-ओठ खात का होईना. मुक्या जिवाला काय कळतं, ते कुणाचं आहे? मग सुट्टीचा दिवस आला. ह्यांनी डाव्या हातानं ते दोन कागद माझ्यापुढे धरले, वर बारकी कात्री.

"सोपं आहे," म्हणाले. "कागदाबाहेर जे जाईल ते काप."

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. कात्री टेबलावर आपटली मी.

"नाही कापणार," म्हटलं. "तिच्या मापाचे कपडे अंगावर घालते तेवढं पुरे झालं. तिच्या मापाचं झाड मी कापणार नाही. सवतीची वेणीफणी माझ्याच्यानं व्हायची नाही, सांगून ठेवते!"

हे बघतच राहिले.  मग कागद परत खिळ्यावर लावायला गेले, ते डाव्या हातानं लागेनात. मी लावून दिले नाहीत, ह्यांनीच कसेबसे अडकवले.

त्या आठवड्यात घरात फक्त कामाचं बोलणं. 'बाही लांब ठेव', 'इस्त्री तापली', एवढंच. एके दुपारी मी खाली आले तर हे डाव्या हातात कात्री धरून झाडापुढे वाकलेले. कागद हनुवटीखाली दाबून धरायचा प्रयत्न चाललेला. कात्री हातातून सुटली, कुंडीत पडली, आणि हे तसेच बसून राहिले. वाईट वाटलं मला. पण खरं सांगू? थोडंसंच. कात्री उचलून मी खिशात घातली.

झाडाला मात्र चेव आला. ऊन वाढलं तसे शेंडे फुटले, पोपटी, लुसलुशीत, इकडून एक, तिकडून एक. ते गोल गरगरीत डोकं, ज्याच्याकडे बघून लोक म्हणायचे 'काय सुबक', त्याचा पार अवतार झाला. झोपेतून उठलेल्या पोराचे केस दिसावेत तसं दिसायला लागलं. टपालवाले साहेब ट्रायलला आले तेव्हा म्हणाले, "झाडाकडे लक्ष नाही वाटतं हल्ली." ह्यांनी मान खाली घातली. मी तोंडातल्या टाचण्या काढून म्हटलं, "लक्ष आहे. कात्री नाही."

मग एका सकाळी मी पानं पुसत होते, तर नव्या शेंड्यांच्या टोकांना पांढरे पांढरे दाणे. तांदळाच्या कणीएवढे. म्हटलं, आली का नवी कीड! हे म्हणणार, मुद्दाम केलं हिनं. धावत स्पिरिटची बाटली आणली, बोळा भिजवला, पहिला दाणा पुसणार तेवढ्यात जवळून बघितलं. दाण्याला देठ होता. खाली हिरवी इवलीशी वाटी होती. बोळा हातात तसाच राहिला.

कळ्या होत्या त्या! प्रत्येक नव्या शेंड्याला, झुपक्यानं. जुन्या डोक्यात, जिथे कात्री फिरत होती तिथे, एक नाही. मी खिळ्यावरचा साचा काढला आणि झाडाभोवती धरून बघितला. सगळ्याच्या सगळ्या कळ्या कागदाच्या बाहेर. दर सुट्टीला हे जे शेंडे कापत होते, त्यांच्याच पोटात कळ्या असायच्या. पांढऱ्या व्हायच्या आत टिकटिक करून कचऱ्यात. कोण झुरत होतं न् कसलं काय! झाड दर वर्षी फुलायला निघत होतं, आणि हा माणूस दर आठवड्याला त्याला परत कागदात घालत होता.

आधी मला हसू आलं, आणि पाठोपाठ असा जळफळाट झाला! म्हणजे बघा ना, मी रागानं हात लावला नाही, म्हणून ती फुलली. माझ्या मत्सरानं सवतीचं भलं झालं. करायला गेले एक न् झालं भलतंच. क्षणभर, खोटं कशाला बोलू, कात्रीकडे हात गेला माझा. खिशातच होती. एका दमात सगळ्या कळ्या उडवल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता, उलट हे म्हणाले असते, शहाणी झाली, कापायला लागली. पण नाही कापल्या. दोघींनाही कागदाबाहेर यायचं होतं, एक तरी आली होती. मी स्पिरिटची बाटली बूच लावून ठेवून दिली आणि ह्यांना काही बोलले नाही.

आठवडाभरात फुलल्या. वास असा की खाटीक सुरा हातात घेऊन रस्ता ओलांडून आला. आणि पाववाली, ती तर आलीच. खिडकीला नाक लावून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अखेर आली गं तिची आठवण झाडाला!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आठवण? कळ्यांना पाणी मी घातलं! खवले मी पुसले! शेंडे मी ठेवले!"

"तू ठेवलेस, पण लावलं कुणी?" पाववाली म्हणाली. हिच्या तोंडाला कोण लागणार. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

वळून बघते तर हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे. वासानं खाली आले होते. हळूहळू झाडाजवळ गेले, एका फुलाला बोट लावलं, मग दुसऱ्याला. शिंपी तो शिंपी, ह्यांची नजर शेवटी बाह्यरेषेवरच गेली. डाव्या हातानं खिळ्यावरचा कागद काढला, झाडाभोवती धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"सगळी बाहेर आहेत," म्हणाले.

"हो."

"म्हणजे मीच..."

"हो, तुम्हीच," मी म्हटलं. गोड बोलायची माझी इच्छा नव्हती.

हे स्टुलावर बसले, त्याच डुगडुगत्या. "मला वाटायचं, ती गेली म्हणून अडलंय. मी सांभाळत होतो गं. मी आपला सांभाळत होतो." आणि रडले. प्लास्टरच्या हातानं डोळे पुसता येईनात, तसे रडले. मी उभी राहून बघत होते, आणि मला काय वाटत होतं ते ऐका. मला वाटत होतं, हे रडणंसुद्धा तिचंच. माझ्यासाठी हा माणूस कधी रडेल? पदरी हेच असायचं माझ्या. तरी फ्लॅनेलचा तुकडा पुढे केला. नवा होता.

पाकळ्या गळल्या, जागोजाग हिरवे मणी धरले. ह्यांचा हात सुटला. प्लास्टरमधून निघाला तो वाळल्या काटकीसारखा, बोटं कडक, पेन्सिलही धरवेना. तरी पहिल्या सुट्टीच्या दिवशी हे सकाळीच खाली गेले. मला धडकी भरली. म्हटलं, गेले कात्री घेऊन. तशीच जिना उतरले.

हे कटिंगच्या टेबलापाशी होते. टेबलावर नवा कोरा खाकी कागद पसरलेला, कडेला वजनं ठेवलेली. झाडाचे जुने दोन्ही साचे खाली जमिनीवर. तोंडात टाचण्या, गळ्यात पट्टी, आणि हे खिडकीतल्या झाडाकडे एकटक बघत उभे. माझ्या लगेच लक्षात आलं.

"घ्या, घ्या!" मी जिन्यावरूनच सुरू झाले. "त्याचं नवं माप घ्या! वाढलंय ना ते, फुललंय ना, त्याला जुना कागद कसा पुरेल? झाडाला नवं माप मिळतं ह्या घरात. मी आपली फाटकी-तुटकी, दुसऱ्याच्या कागदावर काढीन जन्म! मी काय, मला काय होतंय, दोन धुण्यांत बसेन ना मी..."

हे माझ्याकडे वळले. तोंडातल्या टाचण्या काढायला लागले. बोटं वळत नव्हती, म्हणून वेळ लागत होता. एक काढली, गादीत खोचली. दुसरी काढली. माझं बोलणं मध्येच थांबलं. ह्या घरात माझ्याशी बोलायला टाचण्या कधी निघाल्या नव्हत्या.

"इकडे ये," म्हणाले. "उजेडात."

"कशाला?"

"ये तर. आणि पेन्सिल घे. आकडे तुलाच लिहावे लागतील, मला धरवत नाही."

मी गेले.  हे म्हणाले, "ताठ राहू नकोस. आणि श्वास रोखू नकोस, सगळी गिऱ्हाइकं रोखतात, मग शिवलेलं घट्ट होतं." गळ्यातली पट्टी काढली. ती थंड होती, अंगाला लागली तशी मी दचकले. हे आकडा सांगायचे, मी वाकून कागदावर लिहायचे, परत उभी राहायचे. पाठ. कंबर. बाहीची लांबी. खिडकीत नारिंगाखाली माती अजून ओली होती, सकाळीच पाणी घातलं होतं मी.

खांद्याशी आले आणि थांबले. परत मोजलं. मग उजवा मोजला, मग परत डावा.

"हा खांदा उतरता आहे," म्हणाले. "केव्हापासून?"

"जन्मापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले नाही?" माझा आवाज फाटला. "प्रत्येक ड्रेसला बोलले! प्रत्येक कोटाला! तुमच्या तोंडात टाचण्या होत्या हो, कानात काय होतं?"

 पट्टी माझ्या डाव्या खांद्यावर तशीच होती, आणि तिच्यावर ह्यांचा तो वाळका हात. बाहेरून पाववाली आत डोकावून गेली, हे हलले नाहीत. "चुकलो," म्हणाले मग. एवढंच म्हणाले, पण तोंड मोकळं ठेवून म्हणाले. मी आकडा लिहिला. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तो वाकडा आला आहे, अजून बघायला मिळेल.

साचा मी कापला, हे सांगत होते तसा. शिवणीला माया सोडायला लावली ह्यांनी, नेहमीपेक्षा जास्त. म्हटलं, मी काय पोर आहे वाढायला? तर म्हणाले, असू दे. झाडाचे जुने साचे जमिनीवर पडले होते, ते उचलून मी विचारलं, "चुलीत घालू?" ह्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, आणि मान डोलावली, घाल म्हणून.

राहिला माझा साचा. ह्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "ह्यावर काय लिहायचं?"

मी खुर्चीमागच्या खिळ्याकडे बघितलं. ह्यांनीही बघितलं. तिचा कागद होता तिथे, कडा मऊ झालेल्या, निळी अक्षरं फिकी पडलेली. जळत नव्हतं का मला? जळत होतं. आजही जळतं. पण फाडा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि लाचार होऊन दुसरं काहीतरी लिहा म्हणण्याएवढी मी मेलेली नाही.

"तिचा घडी करून तुमच्या पेटीत ठेवा," मी म्हटलं. "त्याच्यावर 'पहिली' लिहू आपण."

मग निळी पेन्सिल उचलली आणि माझ्या कागदावर मी स्वतःच लिहिलं, 'घरची'. हे बघत होते.  दुखऱ्या हातानंच खुर्ची बाजूला सरकवली आणि मागचा खिळा रिकामा केला.